स्विचला वाट कुणी सांगितली?

१. प्रश्न कुठून सुरू होतो

एखाद्या कार्यालयात वीस-बावीस संगणक आणि एक प्रिंटर असतो. सगळ्यांच्या तारा भिंतीवरच्या एका छोट्या डब्यात जातात. मी प्रिंटची आज्ञा दिली की कागद प्रिंटरमधूनच निघतो. माझी फाईल शेजारच्या टेबलावरच्या संगणकात जात नाही आणि त्याच क्षणी दुसरं कुणी मोठा व्हिडिओ उतरवून घेत असलं तरी दोन्ही कामं एकमेकांत मिसळत नाहीत. हे कसं होतं, असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं की त्या डब्याला, म्हणजे स्विचला, सगळ्यांचे पत्ते ठाऊक असतात. उत्तर चुकीचं नाही, पण खरा प्रश्न त्याच्या पुढे आहे. ते पत्ते त्याला दिले कुणी? दुकानातून साधा स्विच आणावा, वीज जोडावी, तारा खोचाव्यात आणि काम सुरू करावं. कुणी कसली यादी भरलेली नसते, कोणता संगणक कुठल्या भोकात आहे हे सांगितलेलं नसतं. तरीही पहिल्याच मिनिटात माहिती योग्य जागी पोहोचू लागते.

या प्रकरणात माझं म्हणणं असं आहे की स्विचचं मोठेपण त्याच्या वेगापेक्षा त्याच्या शिकण्याच्या पद्धतीत आहे. ही पद्धत अशी रचलेली आहे की स्विचला काही ठाऊक नसलं तरी काम अडत नाही, फक्त थोडी उधळपट्टी होते. त्याचे फायदे या एका गुणातून येतात आणि त्याच्या मर्यादाही इथूनच येतात. हे पटवून द्यायचं तर आधी स्विच नव्हता तेव्हा काय चालायचं ते पाहायला हवं.

२. एकाच तारेवर सगळे

आज घराघरांत आणि कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या तारांच्या जाळ्याची पद्धत म्हणजे इथरनेट. तिची कल्पना बॉब मेटकाफ यांनी १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ती प्रत्यक्षात आणली. त्या इथरनेटमध्ये एकच जाड तार इमारतीतून फिरवलेली असे आणि सगळे संगणक तिलाच जोडलेले असत. एक बोलला की ते सगळ्यांपर्यंत जाई. प्रत्येक संगणक ऐकलेल्या माहितीवरचा पत्ता तपासून बघे, आपला असेल तर ठेवून घेई आणि नसेल तर सोडून देई. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही संदेश बिघडत. अशी टक्कर लक्षात आली की दोघेही थांबत आणि आपापल्या मनाने ठरवलेल्या वेगवेगळ्या वेळानंतर पुन्हा प्रयत्न करत.

ही व्यवस्था स्वस्त होती आणि चांगली चालायची, पण संगणक वाढले की तिचा श्वास कोंडायचा. तारेचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल आणि दहा संगणक सतत बोलत असतील, तर टकरी बाजूला ठेवल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला १ मेगाबिट येणार. पुढे एका लांब तारेऐवजी प्रत्येक संगणकाची स्वतंत्र तार मधल्या डब्यात आणून जोडायची पद्धत आली. तो डबा म्हणजे हब. दिसायला तो स्विचसारखाच, पण एका भोकातून आलेला संदेश बाकीच्या सगळ्या भोकांतून जसाच्या तसा बाहेर सोडणं एवढंच तो करी. तारांची मांडणी बदलली, तरी गर्दी तेवढीच राहिली.

यातून वाट काढण्यासाठी १९८०च्या दशकात ब्रिज नावाचं उपकरण आलं. ते दोन तारांच्या मध्ये बसे आणि ज्या संदेशाचं पलीकडे काम असेल तोच पलीकडे जाऊ देई. १९९० साली कॅलिफोर्नियातल्या कल्पना नावाच्या कंपनीने हीच युक्ती सात भोकांच्या एका डब्यात बसवली आणि त्याला इथरस्विच हे नाव दिलं. विनोद भारद्वाज हे मूळ भारतीय असलेले उद्योजक या कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक. पुढे १९९४ साली सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. आजचे सगळे स्विच याच घराण्यातले आहेत.

३. संदेशावर काय लिहिलेलं असतं

फाईल तारेवरून अखंड जात नाही. तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याभोवती पत्त्यांचं वेष्टण चढतं. अशा वेष्टणासहित तुकड्याला फ्रेम म्हणतात. फ्रेममध्ये आधी घेणाऱ्याचा पत्ता येतो, त्याला ६ बाइट लागतात. मग पाठवणाऱ्याचा पत्ता, तोही ६ बाइटचा. त्यानंतर आत कसली माहिती आहे हे सांगणारे २ बाइट, मग प्रत्यक्ष माहिती, जास्तीत जास्त १५०० बाइट, आणि शेवटी वाटेत काही बिघडलं का हे तपासण्यासाठी ४ बाइटची बेरीजवजा खूण. या फ्रेममध्ये नसलेली एक गोष्टही आताच लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचं काम पडणार आहे. ही फ्रेम आतापर्यंत किती स्विचमधून गेली हे मोजणारा रकाना तिच्यावर नसतो.

हा ६ बाइटचा पत्ता म्हणजे मॅक पत्ता. तो उपकरणाच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळतो. त्यातले पहिले ३ बाइट बनवणाऱ्या कंपनीची ओळख सांगतात आणि उरलेले ३ ती कंपनी प्रत्येक नगाला वेगवेगळे देते. या पत्त्यात गाव, गल्ली, मजला असं काही नसतं. तो नुसता ओळख क्रमांक आहे. एखादा लॅपटॉप पुण्यातून नागपूरला नेला तरी त्याचा मॅक पत्ता तोच राहतो. म्हणजे नुसता पत्ता पाहून ते यंत्र कुठे आहे हे कळायला काही मार्ग नाही. स्विचपुढची अडचण नेमकी हीच आहे.

४. पाठवणाऱ्यावरून शिकणं

तालुक्याच्या कचेरीत आजच रुजू झालेला एक शिपाई आहे असं समजा. कोण कुठल्या खोलीत बसतं हे त्याला ठाऊक नाही आणि विचारायची सोयही नाही. तीन नंबरच्या खोलीतून त्याच्या हाती एक पाकीट आलं. पाठवणारे देशमुख, घेणारे शिंदे. शिंदे कुठे बसतात याचा त्याला पत्ता नाही, पण देशमुख तीन नंबरात बसतात हे तर आता कळलं. त्याने ते वहीत टिपलं आणि पाकिटाची एकेक प्रत बाकीच्या सगळ्या खोल्यांत नेऊन दिली. ज्यांचं नव्हतं त्यांनी बाजूला सारलं, शिंद्यांनी ठेवून घेतलं आणि सात नंबरातून देशमुखांना उत्तर पाठवलं. आता शिंद्यांचीही खोली वहीत आली. यापुढे या दोघांमधलं कुठलंही पाकीट तिसऱ्या खोलीत जाणार नाही.

स्विच अगदी हेच करतो. त्याच्या भोकांना पोर्ट म्हणतात आणि वहीला मॅक टेबल. आपलं उदाहरण चार पोर्टच्या स्विचवर चालवून पाहू. पोर्ट १ वर अ, २ वर ब, ३ वर क आणि ४ वर प्रिंटर आहे. टेबल कोरं आहे. अ ला छपाई करायची आहे. त्याला प्रिंटरचा आयपी पत्ता (जाळ्यातला दुसऱ्या प्रकारचा पत्ता, त्याची ओळख शेवटी होईल) माहीत आहे, पण फ्रेमवर लिहायला मॅक पत्ता हवा आणि तो त्याच्याकडे नाही. म्हणून अ आधी सगळ्यांना उद्देशून एक फ्रेम सोडतो. ‘हा आयपी पत्ता ज्याचा असेल त्याने आपला मॅक पत्ता कळवा,’ असा तिचा मजकूर असतो. सगळ्यांसाठीची फ्रेम म्हणून स्विच ती पोर्ट २, ३, ४ वर सोडतो, पण त्याआधी ‘अ, पोर्ट १’ अशी नोंद करून ठेवतो. प्रिंटर उत्तर देतो. ‘प्रिंटर, पोर्ट ४’ ही नोंद होते आणि उत्तर फक्त पोर्ट १ वर जातं, कारण अ कुठे आहे हे आता ठाऊक आहे. त्यानंतर छापायची फाईल फ्रेममागून फ्रेम पोर्ट १ कडून पोर्ट ४ कडे जाते. ब आणि क यांच्या तारांवर तिची सावलीसुद्धा पडत नाही, आणि ते दोघे त्याच वेळी आपसात पूर्ण वेगाने बोलू शकतात.

या उदाहरणातली खरी गोम सहज नजरेतून निसटते. दोन यंत्रांचं बोलणं बहुधा अशा हाकेने आणि उत्तराने सुरू होतं. त्यामुळे कामाची मोठी माहिती निघण्याआधीच दोघांच्या जागा स्विचला कळलेल्या असतात. स्विचला शिकवण्यासाठी कुणीही वेगळं काही करत नाही. जी वाहतूक होणारच होती तिच्यातूनच तो शिकतो.

यावर कुणी म्हणेल की अंदाजाने शिकण्यापेक्षा जाणकार माणसाने एकदाच यादी भरून ठेवली तर ते अधिक खात्रीचं नाही का? तशी सोय महागड्या स्विचमध्ये असते आणि काही ठिकाणी ती वापरतातही. पण दोन्ही पद्धतींत चूक झाली तर काय होतं ते पाहा. हाताने भरलेल्या यादीत प्रिंटर पोर्ट ४ वर लिहिला आणि कुणी तो उचलून पोर्ट ३ ला जोडला, तर माणूस येऊन यादी दुरुस्त करेपर्यंत छपाई बंद. शिकणाऱ्या स्विचमध्ये प्रिंटरने नव्या जागेवरून पहिली फ्रेम पाठवली की जुनी नोंद आपोआप पुसली जाऊन नवी होते. शिवाय नोंदींना वय असतं. ठरावीक वेळ, बहुतेक स्विचमध्ये ३०० सेकंद, एखाद्या यंत्राकडून काहीच ऐकू आलं नाही तर त्याची नोंद काढून टाकतात. मग त्या यंत्रासाठी फ्रेम आली की स्विच पुन्हा सगळीकडे प्रती पाठवतो. फ्रेम पोहोचतेच, काही तारांवर फुकटची वाहतूक होते एवढंच. चूक आपली आपण दुरुस्त होणं आणि अज्ञानाची किंमत फक्त थोड्या जादा वाहतुकीत मोजणं, या दोन गोष्टी मला या रचनेत सर्वांत मोलाच्या वाटतात.

ही किंमत कधीकधी जाणवण्याइतकी वाढते, हेही मान्य करायला हवं. जे यंत्र फक्त ऐकतं आणि स्वतः जवळजवळ कधीच बोलत नाही, त्याची नोंद टिकत नाही. इतर यंत्रांच्या कामाचा वृत्तांत, म्हणजे लॉग, साठवण्यासाठी ठेवलेला एखादा सर्व्हर असा असू शकतो. त्याच्याकडे जाणारा सगळा ओघ मग इतर प्रत्येक तारेवर सांडत राहतो. असं झालं की जाणकार नोंदीचं आयुष्य वाढवतात किंवा त्या यंत्राला मधूनमधून बोलतं करतात. नियमाला असलेला हा अपवाद त्या नियमामुळेच निर्माण होतो. न बोलणाऱ्याची जागा स्विचला कळणार कशी?

५. अठ्ठावीस नॅनोसेकंद

आता वेगाकडे वळू, कारण स्विच विकला जातो तो वेगाच्या आकड्यांवर. सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची असते. तिच्या आधीची सूचना देणारी खूण आणि दोन फ्रेममधलं सक्तीचं अंतर धरलं तर तारेवर ८४ बाइटची, म्हणजे ६७२ बिटची जागा लागते. सेकंदाला १ गिगाबिट, म्हणजे १०० कोटी बिट वेगाच्या तारेवरून अशा सुमारे १४ लाख ८८ हजार फ्रेम दर सेकंदाला येऊ शकतात. स्विचला २४ पोर्ट असतील आणि सगळे भरून वाहत असतील, तर एका फ्रेमचा निकाल लावायला त्याच्या वाट्याला सरासरी २८ नॅनोसेकंद येतात. इतक्या वेळात प्रकाशसुद्धा साडेआठ मीटर जात नाही.

टेबल वरून खाली वाचत बसलं तर हे जमणं अशक्य आहे. म्हणून काही स्विचमध्ये खास प्रकारची स्मृती असते. तिला पत्ता दिला की सगळ्या नोंदी एकाच वेळी आपल्याशी ताडून पाहतात आणि जुळणारी नोंद उत्तर देते. इतर स्विच पत्त्यावरून एक छोटं गणित करतात आणि नोंद कुठल्या कप्प्यात असेल ते थेट काढतात. दोन्ही कामं स्विचमधली खास चिप करते. म्हणूनच स्वस्तातला छोटा डबाही आपल्या पोर्टचा भार उचलू शकतो.

फ्रेम पूर्ण येईपर्यंत थांबायचं की घेणाऱ्याचा पत्ता कळताच पुढे सोडायला लागायचं, हा जुना वाद आहे. कल्पनाच्या स्विचने दुसरा मार्ग धरला होता. तेव्हा त्याला अर्थ होता, कारण १० मेगाबिटच्या तारेवर पूर्ण आकाराची फ्रेम यायला सुमारे १.२ मिलिसेकंद लागत. गिगाबिटवर तेच काम १२ मायक्रोसेकंदात होतं. एवढं थांबून शेवटची खूण तपासता येते आणि बिघडलेली फ्रेम पुढे न पाठवता तिथेच टाकून देता येते, त्यामुळे कार्यालयांतले स्विच आता बहुधा थांबणारे असतात. शेअर बाजारातल्या यंत्रांना मायक्रोसेकंदही जड वाटतो, तिथे न थांबणारे वापरतात.

पण इथेच एक रास्त आक्षेप येतो. वीसच्या वीस संगणकांना एकाच सर्व्हरशी बोलायचं असेल तर स्विचचा उपयोग काय? त्या सर्व्हरची तार तर एकच. आक्षेप बरोबर आहे. स्विच वाटा वेगळ्या करतो, वाट रुंद करत नाही. वीस जणांच्या फ्रेम एकाच पोर्टकडे निघाल्या की त्या स्विचच्या स्मृतीत रांगेत उभ्या राहतात आणि रांग भरली की नंतर आलेल्या फ्रेम टाकून दिल्या जातात. स्विच त्याची माफी मागत नाही, पाठवणाऱ्याला कळवतही नाही. काय पोहोचलं नाही हे ओळखून पुन्हा पाठवणं हे दोन्ही टोकांच्या संगणकांचं काम. म्हणून सर्व्हर आणि बाहेर जाणारी तार यांच्यासाठी जास्त वेगाचे पोर्ट ठेवतात.

६. फेऱ्यात अडकलेली फ्रेम

आता या पद्धतीतला सर्वांत मोठा धोका. दोन स्विच एकाऐवजी दोन तारांनी जोडले, किंवा घाईत एकाच तारेची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली गेली, तर एक वर्तुळ तयार होतं. त्यात सगळ्यांसाठीची एक फ्रेम शिरली की पहिला स्विच ती दोन्ही तारांवरून पाठवतो, दुसरा प्रत्येक प्रत दुसऱ्या तारेने परत पाठवतो आणि हे थांबतच नाही. किती स्विच ओलांडले हे मोजणारा रकाना फ्रेमवर नसतो, हे आपण आधीच पाहिलं. म्हणून फ्रेम म्हातारी होऊन मरत नाही. वर्तुळं एकाहून जास्त असली तर प्रती दुपटीने वाढतात. काही क्षणांत सगळ्या पोर्टचे दिवे एकत्र, जवळजवळ अखंड लुकलुकायला लागतात आणि जाळं ठप्प होतं.

मग दुसरी तार जोडूच नये, असं म्हणता येईल. पण एक तार तुटली तर दुसरी हाताशी असावी ही गरजही खरी आहे. यावरचा उपाय राडिया पर्लमन यांनी १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीत काम करताना शोधला आणि १९९० साली तो अधिकृत मानक झाला. स्पॅनिंग ट्री हे त्याचं नाव. स्विच एकमेकांना छोटे संदेश पाठवून आपल्यातला एक मुख्य ठरवतात. मग प्रत्येक जण त्या मुख्यापर्यंतची सर्वांत जवळची वाट चालू ठेवतो आणि वर्तुळ पुरं करणाऱ्या तारा स्वतःहून बंद करतो. चालू तार तुटली की बंद ठेवलेली उघडते. इथेही संपूर्ण जाळ्याचा नकाशा कुणाच्याच हाती नसतो. शेजाऱ्यांनी सांगितलेल्या चार गोष्टींवरून सगळे मिळून एकच निर्णय गाठतात.

ही व्यवस्थाही ताणली तर मोडते. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात बेथ इस्रायल डिकनेस या मोठ्या रुग्णालयाचं जाळं जवळजवळ चार दिवस विस्कळीत राहिलं. वर्षानुवर्षं एकाला एक स्विच जोडत ते जाळं स्पॅनिंग ट्रीला झेपेल त्याहून लांबलचक झालं होतं. वाहतूक वाढली तेव्हा ते कोलमडलं आणि डॉक्टर-परिचारिकांना कागदावर परतावं लागलं. तिथले संगणक बिघडले नव्हते, दोष जाळ्याच्या रचनेत होता.

७. शेजाऱ्याला ऐकू येईल का?

हबच्या काळात शेजारच्या संगणकावर सगळं ऐकू येत असे. स्विचमध्ये ते येत नाही, म्हणून स्विच म्हणजे सुरक्षितता असा समज पसरला. तो पुरता खरा नाही. लहान स्विचच्या टेबलात काही हजार नोंदीच मावतात. कुणी खोडसाळपणे हजारो खोटे पत्ते वापरून फ्रेम सोडल्या तर टेबल भरून जातं, खऱ्या यंत्रांना जागा उरत नाही आणि अनोळखी पत्त्यासाठी असलेल्या नियमाप्रमाणे स्विच त्यांच्यासाठी आलेल्या फ्रेम सगळीकडे पाठवू लागतो. स्विचने नियम मोडलेला नसतो. ऐकलेल्या पत्त्यावर विश्वास ठेवणं हाच तर त्याच्या शिकण्याचा पाया. म्हणून बँका, रुग्णालयं, महाविद्यालयं अशा ठिकाणी एका पोर्टवर किती पत्ते चालतील याची मर्यादा घालतात आणि वापरात नसलेले पोर्ट बंद ठेवतात. मजकुराच्या गुप्ततेची जबाबदारी संकेतबद्ध करणाऱ्या प्रणालींवर सोपवावी, स्विचवर नाही.

८. मग सगळं जग एकाच स्विचवर का नाही?

इतकी स्वयंचलित आणि स्वस्त पद्धत आहे, तर इंटरनेटही स्विचचंच का बांधलं नाही? उत्तर मॅक पत्त्यात आहे. त्यात ठावठिकाणा नसल्याने स्विचला प्रत्येक यंत्राची वेगळी नोंद ठेवावी लागते. शंभर यंत्रांसाठी शंभर नोंदी ठीक आहेत, पण जगातल्या अब्जावधी यंत्रांसाठी प्रत्येक स्विचमध्ये अब्जावधी नोंदी लागल्या असत्या. शिवाय ‘हा पत्ता कोणाचा?’ ही प्रत्येक हाक कोल्हापुरातून निघून टोकियोपर्यंत प्रत्येक मोबाइलवर वाजली असती. चार भिंतींच्या आत जी उधळपट्टी नगण्य असते, तीच जगाच्या पातळीवर असह्य ठरते.

म्हणून कार्यालयाच्या सीमेवर दुसरं उपकरण बसतं, राउटर. ते आयपी पत्ता वाचतं. या पत्त्याचा सुरुवातीचा भाग कुठल्या जाळ्यातला हे सांगतो, त्यामुळे हजारो यंत्रांसाठी एकच नोंद पुरते. सगळ्यांसाठीच्या हाका राउटर पलीकडे जाऊ देत नाही. आणि आयपी पत्त्याच्या वेष्टणावर ‘अजून किती राउटर ओलांडता येतील’ हा आकडा असतो, तो प्रत्येक टप्प्यावर एकने कमी होतो आणि शून्य झाला की तुकडा टाकून दिला जातो. फ्रेममध्ये नसलेला रकाना इथे आहे. घरात इंटरनेटसाठी बसवलेल्या डब्यात बहुधा ही दोन्ही उपकरणं एकत्र असतात. मागची चार सारखी भोकं स्विचची, आणि वेगळ्या रंगाचं किंवा वेगळं नाव असलेलं पाचवं भोक राउटरचं बाहेर जाणारं दार. त्या दारापलीकडे गेलेला तुकडा पुढची वाट कशी काढतो, ते पुढच्या प्रकरणात पाहू.